पॅकेट अग्रेषण सारणीची मूळ आज्ञावली

पॅकेट अग्रेषण सारणीची मूळ आज्ञावली : संगणकांच्या जाळ्यात एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाणारी माहिती लहान लहान पुडक्यांत विभागून पाठविली जाते. या पुडक्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटावर इच्छित स्थळाचा अंकात्मक पत्ता असतो. वाटेतील राउटर हे यंत्र तो पत्ता वाचून पॅकेट कोणत्या तारेने व कोणत्या शेजाऱ्याकडे सोडावयाचे ते ठरविते. हा निर्णय ज्या कोष्टकावरून होतो, त्याला अग्रेषण सारणी म्हणतात. सारणी कशी साठवावी, तिच्यात शोध कसा घ्यावा आणि वाहतूक चालू असताना तिच्यात बदल कसे करावेत, हे सांगणाऱ्या संगणकीय आज्ञांचा समूह म्हणजे तिची मूळ आज्ञावली होय. प्रस्तुत नोंदीत लिनक्स या खुल्या प्रणालीतील अशा आज्ञावलीचा, विशेषतः तिच्यावर नव्याने काम करू इच्छिणाऱ्या आज्ञावलीकाराच्या दृष्टीने, विचार केला आहे. लिनक्सची आज्ञावली कोणासही वाचावयास व बदलावयास मोकळी असून लहान घरगुती राउटरांपासून मोठ्या सेवाकेंद्रांपर्यंत ती वापरात आहे. त्यामुळे अभ्यासासाठी तिच्याइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही.

मार्गसारणी आणि अग्रेषण सारणी या दोन संज्ञांत नवशिक्याचा पुष्कळदा घोटाळा होतो. शेजारच्या राउटरांशी संवाद साधून कोणकोणत्या मार्गांनी कोठे जाता येते याची जी संपूर्ण टिपणी ठेवली जाते, ती मार्गसारणी. बर्ड, एफआरआर यांसारख्या स्वतंत्र आज्ञावल्या ती सांभाळतात. तिच्यातून निवडलेले उत्तम मार्ग प्रणालीच्या गाभ्यात (मध्यवर्ती भागात) उतरविले जातात व तेथे अग्रेषण सारणी तयार होते. मार्गसारणीला विचार करण्यास काही सेकंद मिळाले तरी चालते, अग्रेषण सारणीला मात्र तेवढी सवड नसते. सेकंदाला १० अब्ज बिट वाहून नेणाऱ्या तारेवर सर्वांत लहान, म्हणजे ६४ बाइटांच्या चौकटी एकामागून एक येत असतील, तर दोन चौकटींमधील आवश्यक अंतर धरून सेकंदाला सु. १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेटे येतात. एका पॅकेटाच्या वाट्यास फक्त सु. ६७ नॅनोसेकंद येतात. संगणकाच्या मुख्य स्मृतीतून एकदा वाचन करण्यासही साधारण एवढाच वेळ लागतो. सारणीतील एका शोधात स्मृतीचे चारपाच अनावश्यक हेलपाटे झाले, तर राउटर मागे पडतो व पॅकेटे गळू लागतात. या आज्ञावलीत वरवर पाहता विचित्र वाटणाऱ्या अनेक युक्त्यांचे मूळ या हिशोबात आहे.

सर्वांत लांब उपसर्गाचा नियम : इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ द्विमान अंकांचा (बिटांचा) असतो. एवढे सर्व पत्ते सुटेसुटे नोंदविणे अशक्य असल्याने सारणीत पत्त्यांच्या सुरुवातीच्या समान भागाची, म्हणजे उपसर्गाची नोंद असते. १९९३ मध्ये वर्गविरहित पत्तापद्धती स्वीकारण्यात आली, तेव्हापासून या उपसर्गाची लांबी ० पासून ३२ पर्यंत काहीही असू शकते. समजा, सारणीत १०.०.०.०/८, १०.२०.०.०/१६ आणि १०.२०.३०.०/२४ अशा तीन नोंदी आहेत. १०.२०.३०.७ या पत्त्याचे पॅकेट तिन्ही नोंदींत बसते. परंतु ते सर्वांत लांब, म्हणजे २४ अंकी उपसर्गाच्या नोंदीप्रमाणे धाडले जाते. १०.२०.४०.७ या पत्त्याला १६ अंकी व १०.९.९.९ या पत्त्याला ८ अंकी नोंद लागू पडते. नियम सोपा आहे, पण त्यामुळे शोध अवघड होतो. शब्दकोशात शब्द शोधताना तो सापडतो किंवा सापडत नाही. येथे मात्र नेमकी नोंद न सापडल्यास तिच्याहून आखूड अशी सर्वांत जवळची नोंद शोधावी लागते.

हा नियम किती निर्विकारपणे काम करतो, हे २४ फेब्रुवारी २००८ रोजी दिसून आले. यूट्यूबचे पत्ते २०८.६५.१५२.०/२२ या उपसर्गाखाली जाहीर होते. पाकिस्तानातील एका दूरसंचार जाळ्याने देशांतर्गत बंदी अंमलात आणण्यासाठी २०८.६५.१५३.०/२४ हा अधिक लांब उपसर्ग आपल्याकडे वळविला. ती घोषणा चुकून देशाबाहेर गेली आणि जगभरच्या राउटरांनी सु. दोन तास यूट्यूबची वाहतूक तिकडे वळविली. या प्रसंगी सारण्यांच्या आज्ञावलीने आपले काम चोख बजावले होते. चूक सारणीत काय घालावे हे ठरविणाऱ्यांची होती. आज्ञावलीकाराने ही सीमारेषा प्रथमपासून ध्यानात ठेवावी लागते. आलेला मार्ग खरा की खोटा याचा निवाडा करणे हे अग्रेषण सारणीचे काम नव्हे.

पूर्वेतिहास : पत्त्यातील बिटांनुसार फांद्या फुटत जाणाऱ्या वृक्षाला ट्राय म्हणतात. ज्या ठिकाणी एकच फांदी आहे त्या पायऱ्या गाळून वृक्ष आखूड करण्याची पॅट्रिशिया ही रीत अमेरिकेतील डॉनल्ड आर्. मॉरिसन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या आधारे कीथ स्क्लोअर यांनी बर्कली विद्यापीठाच्या युनिक्स प्रणालीसाठी वृक्षाधारित मार्गसारणी तयार केली व १९९१ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे अनेक प्रणालींनी तिचा कित्ता गिरविला. १९९७-९८ ही वर्षे या विषयात विशेष फलदायी ठरली. स्वीडनमधील लुलेओ येथील संशोधकांनी सारणी अतिशय दाबून ती प्रक्रियकाच्या कॅश स्मृतीत बसविण्याची रीत मांडली. मार्सेल वाल्डफोगेल, जॉर्ज वर्गीस व सहकाऱ्यांनी उपसर्गांच्या लांबीवर द्विभाजन शोध घेण्याची रीत सुचविली (वर्गीस हे मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे पदवीधर). पंकज गुप्ता, स्टीव्हन लिन व निक मॅक्‌कोअन यांनी स्मृती सढळ हाताने खर्चून बहुतेक शोध एकाच वाचनात उरकण्याची २४-८ रीत मांडली. १९९९ मध्ये स्टेफान निल्सन व गुन्नार कार्लसन यांनी एलसी-ट्राय, म्हणजे पातळ्या दाबलेला ट्राय, या रचनेचा पत्ताशोधासाठी उपयोग दाखविला.

लिनक्समध्ये प्रारंभी प्रत्येक उपसर्गलांबीसाठी एक याप्रमाणे विखुरलेल्या कोष्टकांची रचना होती. एलसी-ट्रायवर आधारलेली आज्ञावली रॉबर्ट ओल्सन, येन्स लोस व हान्स लिस यांनी उप्साला येथे लिहिली. तिच्या शीर्षटिपेत उप्साला विद्यापीठाबरोबर स्वीडनच्या कृषी विद्यापीठाचेही नाव आढळते, हे पाहून नव्या वाचकाला नवल वाटते. २००५ मध्ये ती २.६.१३ या आवृत्तीत समाविष्ट झाली आणि २०११ मध्ये २.६.३९ या आवृत्तीतून जुनी रचना काढून टाकण्यात आली. २०१४ च्या अखेरीपासून अलेक्झांडर डाइक यांनी तिची मोठी फेररचना केली. आज वाचावयास मिळते ते रूप मुख्यत्वे या फेररचनेनंतरचे आहे; त्यामुळे २०१५ पूर्वीची स्पष्टीकरणे हाताशी धरून आजची आज्ञावली वाचू लागल्यास पावलोपावली अडखळावे लागते.

वाचनाचा क्रम : चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांची सारणी सी भाषेतील मोजक्या फायलींत सामावलेली आहे. 'आयपी-फिब' या शीर्षफायलीत मुख्य सामाईक रचनांच्या व्याख्या आहेत. 'फिब-फ्रंटएंड' वापरकर्त्याकडून आलेल्या मार्ग घाला, मार्ग काढा या विनंत्या स्वीकारते. 'फिब-सिमँटिक्स' मार्गाचा आशय, म्हणजे पुढील राउटर, बाहेर पडण्याची जोडणी व इतर गुणधर्म सांभाळते. आणि 'फिब-ट्राय' प्रत्यक्ष वृक्ष उभारते. बहुतेक उत्साही वाचक एकदम ट्रायला हात घालतात व तेथेच गुंततात. त्यापेक्षा आधी शीर्षफाईल वाचून मग 'मार्ग घाला' या एका विनंतीचा फ्रंटएंडपासून वृक्षातील पानापर्यंतचा प्रवास कागदावर लिहून काढणे अधिक फलदायी ठरते. त्यानंतर शोधाचे फलन, मग भर घालण्याचे व काढून टाकण्याचे फलन आणि सर्वांत शेवटी वृक्षाच्या गाठी वाढविणारी व आखडणारी फलने, असा क्रम ठेवावा.

या वाचनात एक गोष्ट लवकर ध्यानात येते. वृक्षाच्या पानात मार्गाचा आशय नसतो. तेथे त्या उपसर्गाच्या नोंदींची क्रमवार यादी असते व प्रत्येक नोंद आशयाकडे केवळ निर्देश करते. मोठ्या राउटरात लाखो उपसर्ग असले तरी त्यांना बाहेर नेणारे शेजारी थोडेच असतात. म्हणून एकच आशय असंख्य नोंदी वाटून घेतात व किती जण त्याचा वापर करीत आहेत याची मोजदाद ठेवली जाते. या मोजदादीत एकाची चूक झाली, तर आशय कधीच मोकळा होत नाही किंवा वापरात असतानाच मोकळा होतो. पहिल्या चुकीने स्मृती हळूहळू झिरपत जाते. दुसरीने यंत्र कोसळते.

बिटांचा क्रम हा आणखी एक अडसर. तारेवरून पत्ता येतो तो सर्वांत वजनदार बाइट प्रथम या क्रमाने, तर आज सर्वत्र आढळणारे बहुतेक प्रक्रियक सर्वांत हलका बाइट प्रथम ठेवतात. ट्रायमध्ये शिरण्यापूर्वी पत्ता यंत्राच्या क्रमात बदलून घेतला जातो. कोणते चल कोणत्या क्रमातील आहे हे आज्ञावलीतील प्रकारनामांवरून कळते व 'स्पार्स' हे तपासणीचे साधन त्यांतील गफलत पकडते.

शोधाचे कार्य : ट्रायच्या प्रत्येक अंतर्गत गाठीत एक किल्ली आणि 'पॉस' व 'बिट्स' अशा दोन संख्या असतात. पॉस म्हणजे पत्त्याच्या उजव्या टोकाचे किती अंक या गाठीने पाहावयाचे नाहीत ती संख्या. बिट्स म्हणजे त्यांच्या डावीकडील किती अंकांवरून अपत्य निवडावयाचे ती संख्या. पत्ता व किल्ली यांवर अपवर्जी-किंवा ही क्रिया करून आलेले फल पॉस इतके उजवीकडे सरकविले की एक संख्या मिळते. उदाहरणासाठी आठच अंकांचा पत्ता घेऊ. गाठीची किल्ली १०१००००० असून पॉस ३ व बिट्स २ आहे. पत्ता १०११०११० असल्यास क्रियेचे फल ०००१०११० येते; ते तीन स्थाने सरकविल्यावर २ उरतात. ही संख्या ४ पेक्षा, म्हणजे २ च्या दुसऱ्या घातापेक्षा, लहान आहे, म्हणून ती सरळ अपत्याचा क्रमांक ठरते. पत्ता ११११०११० असता तर फल ०१०१०११० आले असते व सरकविल्यावर १० उरले असते. ४ किंवा त्याहून मोठी संख्या आली याचा अर्थ वरच्या, गाळलेल्या पायऱ्यांतील अंकांतच पत्ता जुळत नाही. मधल्या पायऱ्या जुळल्या की नाही व पुढे कोणत्या अपत्याकडे जावयाचे, हे दोन्ही प्रश्न अशा रीतीने एकाच तुलनेत सुटतात. आज्ञावलीतील टिपेत हा भाग काहीसा फसवा असल्याची कबुली आहे. एकदा हाताने हे गणित सोडविले की तो फसवा राहत नाही.

खाली उतरताना शोध चुकीच्या पानावर पोहोचला, तर माघार घ्यावी लागते. उपसर्गाच्या उजवीकडील अंक शून्य धरून त्याची किल्ली बनविलेली असल्याने आखूड उपसर्ग नेहमी कमी एक असलेल्या क्रमांकाच्या अपत्याखाली सापडतात. म्हणून चालू क्रमांकातील सर्वांत उजवीकडचा एक पुसून मिळणाऱ्या अपत्याकडे जावयाचे. ११ वरून १० कडे, १० वरून ०० कडे. आणि शून्यालाही यश आले नाही, तर वरच्या गाठीकडे. प्रत्येक गाठीत 'एसलेन' नावाची एक छोटी संख्या असते. त्या गाठीखालील सर्वांत आखूड उपसर्गाचे किती अंक मोकळे आहेत ते ती सांगते. उपयोगी पडेल असा आखूड उपसर्ग त्या शाखेत नसेल, तर या संख्येमुळे निष्फळ माघार टळते. भर घालताना किंवा काढून टाकताना ही संख्या अद्ययावत करावयास विसरल्यास सारणी बहुतेक पत्त्यांना योग्य व थोड्यांना अयोग्य उत्तर देऊ लागते. असा दोष महिनोन्‌महिने दडून राहू शकतो.

वृक्ष उथळ राहावा म्हणून दाट भागात गाठीची अपत्ये दुप्पट केली जातात. दुप्पट केल्यावरही निम्म्याहून अधिक जागा भरलेल्या राहतील अशी स्थिती असल्यास गाठ फुगविली जाते. एकचतुर्थांशाहून कमी जागा भरलेल्या असल्यास ती आखडली जाते. मुळाच्या गाठीसाठी ही प्रमाणे अनुक्रमे ३० व १५ टक्के अशी सैल ठेवलेली आहेत, कारण प्रत्येक शोध मुळावरून जातो व तेथे एक पातळी वाचल्यास ती सर्वांचीच वाचते. फुगविणे व आखडणे यांच्या मर्यादांत मुद्दाम अंतर ठेवले आहे. ते नसते तर एकच मार्ग घालता-काढता गाठ पुनःपुन्हा हेलकावत राहिली असती.

वाचक व लेखक : सारणीत सेकंदाला लाखो वाचने होत असताना मधूनच तिच्यात बदल होतात. वाचकांना कुलपापाशी थांबविणे परवडत नाही. त्यामुळे येथे वाचा-नकला-बदला या अर्थाची, आरसीयू नावाची पद्धती वापरतात. बदल करणारा नवी गाठ बाजूला पूर्ण तयार करतो व शेवटी एकच निर्देशक बदलून ती वृक्षात जोडतो. वाचकाला जुनी किंवा नवी रचना दिसते, अर्धवट कधीच दिसत नाही. जुनी गाठ मात्र तत्काळ मोकळी करावयाची नसते. तिच्यात शिरलेले सर्व वाचक बाहेर पडेपर्यंत थांबावे लागते. बदल करणारे आपसांत एका कुलपाने रांगेत उभे राहतात. नवोदितांच्या हातून होणाऱ्या गंभीर चुका बहुतांशी दोनच प्रकारच्या असतात : गाठ पूर्ण भरण्याआधी ती जोडणे आणि वाचक बाहेर पडण्याआधी ती मोकळी करणे. दोन्ही चुका आज्ञावलीकाराच्या मेजावरील शांत यंत्रावर दिसत नाहीत. गजबजलेल्या यंत्रावर त्या उघडकीस येतात.

एक जुना मोह : शोध महाग आहे, तर नुकतीच मिळालेली उत्तरे जवळ ठेवून का देऊ नयेत, ही या आज्ञावलीत हमखास सुचणारी पहिली सुधारणा होय. लिनक्समध्ये असा मार्गांचा कॅश अनेक वर्षे होता. त्यातील नोंद उगम व इच्छित पत्त्यांच्या जोडीप्रमाणे होत असल्याने बाहेरच्या कोणीही खोटे पत्ते घातलेली पॅकेटे सोडली की प्रत्येक पॅकेटागणिक नवी नोंद होई, कॅश ओसंडून वाही आणि शोधाच्या खर्चात कॅशच्या साफसफाईचा खर्च वाढे. यंत्राचा वेग काय राहील हे अशा रीतीने परक्याच्या हाती जाई. डेव्हिड एस्. मिलर यांनी २०१२ मध्ये ३.६ या आवृत्तीत तो कॅश काढून टाकला. त्यापूर्वी ट्रायमधील शोध पुरेसा जलद करणे आवश्यक होते. सरासरी वेग किंचित वाढवून वाईटात वाईट स्थितीतील वेग बिघडविणारी सूचना या आज्ञावलीत स्वीकारली जात नाही, त्यामागे हा अनुभव आहे.

सारणीच्या आकाराविषयीही अशीच सावधगिरी लागते. काही जुन्या राउटरांच्या विशेष स्मृतीत चौथ्या आवृत्तीच्या मार्गांसाठी ५,२४,२८८ एवढीच जागा राखलेली होती. १२ ऑगस्ट २०१४ रोजी जागतिक मार्गांची संख्या काही काळ या मर्यादेपलीकडे गेली आणि अनेक ठिकाणी जाळी मंदावली किंवा तुटली. त्यानंतरच्या दशकात ही संख्या ९ लाखांच्या पुढे गेली. कोणतीही संख्या 'पुरेशी मोठी' मानून आज्ञावलीत गोठविण्यापूर्वी हा प्रसंग आठवावा.

प्रयोग व परीक्षण : पूर्वी अशा कामासाठी दोनतीन यंत्रे व तारा जमवाव्या लागत. आता नेटवर्क नेमस्पेस या सोयीने एकाच संगणकात स्वतंत्र सारण्या असलेली अनेक काल्पनिक यंत्रे उभी करून त्यांना आभासी तारांनी जोडता येते. बदललेला गाभा क्यूईएमयू या अनुकारकात चालविला म्हणजे तो कोसळला तरी हातचा संगणक सुरक्षित राहतो. चालू यंत्रातील वृक्षाचे चित्र 'प्रॉक' या फाईलव्यवस्थेतील 'फिब-ट्राय' या आभासी फाईलीत, तर त्याची सरासरी खोली, गाठींची संख्या इ. आकडे 'फिब-ट्रायस्टॅट' या फाईलीत वाचावयास मिळतात. एकेक मार्ग घालून दर वेळी ही चित्रे पाहणे हा उत्तम पहिला अभ्यास आहे. गाठ कधी फुगते ते प्रत्यक्ष दिसते. एखाद्या पत्त्याला कोणता मार्ग लागू पडेल हे 'आयपी रूट गेट' या आज्ञेने विचारता येते.

परीक्षणासाठी गाभ्याबरोबर येणाऱ्या तयार चाचण्या चालवाव्यातच; पण सर्वांत विश्वसनीय रीत अगदी साधी आहे. सर्व नोंदी एका सरळ यादीत ठेवून प्रत्येक शोधासाठी संपूर्ण यादी तपासणारी एक संथ आज्ञावली लिहावी. यादृच्छिक उपसर्ग दोन्हीकडे घालावेत व काढावेत आणि यादृच्छिक पत्त्यांना दोन्हीकडून मिळणारी उत्तरे ताडून पाहावीत. त्यांत ० लांबीचा सर्वसमावेशक उपसर्ग, ३१ व ३२ लांबीचे उपसर्ग, एकाच उपसर्गाच्या निरनिराळ्या अग्रक्रमांच्या नोंदी आणि लांब उपसर्ग काढल्यावर आखूड उपसर्गाकडे परतणे ही प्रकरणे मुद्दाम घालावीत. स्मृतीच्या गैरवापरासाठी कासान व कुलपांच्या क्रमासाठी लॉकडेप ही साधने चालू ठेवावीत. त्यांनी यंत्र मंदावते, म्हणून वेगाचे मोजमाप ती बंद करून स्वतंत्रपणे घ्यावे लागते.

बदल पाठविताना दुरुस्त्या व नव्या सोयी यांसाठी गिट साठ्याच्या दोन वेगळ्या शाखा आहेत. मुख्य गाभ्यात नवे बदल सामावून घेण्याच्या सु. दोन आठवड्यांच्या काळात नव्या सोयींची शाखा बंद असते. एका वेळी एकच बदल, त्याचे कारण व वेगाचा दावा असल्यास मोजलेले आकडे देऊन पाठवावा लागतो. पहिला बदल म्हणून चाचणीत एखादे सुटलेले प्रकरण भरून काढणे हे शोधाच्या फलनात हात घालण्यापेक्षा शहाणपणाचे असते. ते स्वीकारले जाण्याची शक्यता अधिक असते आणि ते लिहिताना शोधाचे फलन आपोआप वाचून होते.

सहाव्या आवृत्तीच्या १२८ अंकी पत्त्यांसाठी लिनक्समध्ये स्वतंत्र फायली व वेगळ्या घाटणीचा वृक्ष आहे. येथे केलेली सुधारणा तेथे आपोआप लागू होत नाही; उलट एकीकडे आढळलेला दोष दुसरीकडेही आहे काय हे पाहणे जरूर असते. २०१८ पासून, ४.१८ या आवृत्तीत, जोडणीच्या चालकापाशीच चालणाऱ्या लहान आज्ञावल्यांनाही या सारण्यांत शोध घेण्याची सोय मिळाली. नोंदी थेट स्विचच्या यंत्रणेत उतरविण्याच्या सोयीसाठी सारणीतील प्रत्येक बदलाची वर्दी द्यावी लागते. वर्दी सोडणारी ही ठिकाणे भर घालण्याच्या व काढण्याच्या फलनांत विखुरलेली असून नवा बदल करताना त्यांचा क्रम ढळू नये लागतो. अन्यथा गाभ्यातील सारणी व यंत्रणेतील तिची प्रत यांत तफावत पडते.